स्कूटरची हमी आणि बाहेरचा सुटा भाग

पावसाळ्याच्या तोंडाशी स्कूटर दुरुस्त करणाऱ्या कोणत्याही अधिकृत सेवा केंद्राच्या खिडकीपाशी अर्धा तास उभे राहावे; एक वाक्य हमखास कानी पडते. “साहेब, तुम्ही बाहेरचा माल बसवला आहे, आता वॉरंटी लागू होत नाही.” समोरचा गिऱ्हाईक कधी चिडतो, कधी ओशाळतो, आणि बहुधा खिशातून पैसे काढून मोकळा होतो. कामावर वेळेवर पोहोचायचे असते, मुलांना शाळेत सोडायचे असते. स्कूटर चार दिवस पडून राहिली तर घराचे चाकच अडते. या घाईचा आणि अज्ञानाचा मिळून जो परिणाम होतो, त्याची किंमत कधी पाचशे रुपये असते, तर कधी पंधरा हजार. वास्तविक ते वाक्य काही वेळा पूर्ण खरे असते, काही वेळा अर्धे खरे असते आणि काही वेळा साफ खोटे असते. यांतले कोणते केव्हा, हे ओळखता येणे फारसे कठीण नाही.

एक उदाहरण कल्पनेने पुढे ठेवू. एका बँकेतील कारकुनाने कोल्हापुरास नोकरीत असताना नवी स्कूटर घेतली. सहा महिन्यांनी त्याची बदली बेळगावास झाली. महिन्यातून दोनदा चोर्ला घाटाने गोव्यातील आपल्या घरी जाणे-येणे असल्यामुळे धुक्यात आणि पावसात स्कूटरचा दिवा त्याला अपुरा वाटू लागला. बाजारातल्या मेस्त्रीने त्याला अधिक वॅटचा बल्ब आणि मोठ्या आवाजाचा हॉर्न बसवून दिला. दोन महिन्यांनी घाटात भर पावसात हँडलाखालून जळका वास आला, दिवा विझला आणि इंजिनही बंद पडले. टेम्पोत घालून स्कूटर सेवा केंद्रात आणली गेली. तेथे तीन दोष निघाले. वायरिंगचा जुडगा जळला होता. इंजिनाचे नियंत्रण करणारा इलेक्ट्रॉनिक संच निकामी झाला होता. आणि पुढच्या शॉक ॲब्सॉर्बरमधून तेल गळत होते. ही तिसरी तक्रार त्याने घाटातल्या प्रसंगाच्या आधीच तोंडी सांगून ठेवली होती. केंद्राने तिन्ही कामांना एकच उत्तर दिले : बाहेरचा माल लावला, हमी संपली. आता या तीन दोषांचा निवाडा एकच व्हावा काय?

त्याआधी शब्दांचा थोडा उलगडा करणे बरे. बोलताना आपण गॅरंटी आणि वॉरंटी हे शब्द एकाच अर्थाने वापरतो. भारतात मालाच्या विक्रीचा कायदा १९३० सालचा आहे. त्यात विक्रीच्या करारातील मूलभूत ‘अट’ आणि तिच्याहून दुय्यम अशी ‘हमी’ यांत भेद केलेला आहे. अट मोडली तर माल परत करता येतो. हमी मोडली तर नुकसानभरपाई मागता येते. परंतु स्कूटरबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेतील वॉरंटी ही याहून निराळी चीज होय. ती कंपनीने स्वतः दिलेली लेखी कबुली असते : ठराविक वर्षे अथवा ठराविक किलोमीटर, यांपैकी जे आधी पुरे होईल तोपर्यंत, साहित्यातील अथवा बनावटीतील दोष आम्ही फुकट दुरुस्त करून देऊ. ‘साहित्यातील अथवा बनावटीतील दोष’ हे शब्द कळीचे आहेत. वापराने झिजणारे ब्रेक शू, बल्ब, टायर, रबरी बुश यांसारखे भाग पुस्तिकेत बहुधा आधीच वगळलेले असतात. अपघात, हयगय, वेळेवर सर्व्हिसिंग न करणे, आणि कंपनीने मान्य न केलेले भाग वापरल्यामुळे झालेले नुकसान, हेही वगळलेले असते. या शेवटच्या कलमातील ‘वापरल्यामुळे’ हा शब्द फार महत्त्वाचा. काही पुस्तिकांत तो असतो, काहींत त्याऐवजी ‘वापरल्यास’ असा सरसकट शब्द असतो, आणि सेवा केंद्राच्या खिडकीवर तर पहिलाही शब्द दुसऱ्यासारखाच वाचला जातो. एका प्रत्ययाचा फरक. पण सारा तंटा त्याच्यावर उभा आहे.

जुन्या पिढीतील वाचकांना या तंट्याचे नवल वाटेल. पुण्याजवळ आकुर्डीच्या कारखान्यातून १९७२ साली चेतक बाहेर पडू लागली, तेव्हापासून पुढे कित्येक वर्षे स्कूटर मिळणे हेच भाग्य मानले जाई. नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. मिळालेली स्कूटर कोपऱ्यावरच्या मेस्त्रीच्या हाती सोपवली जाई. डावीकडे वाकवून मग किक मारणे, प्लग काढून घासणे, क्लचची केबल बदलणे ही कामे तर घरचे लोकही करीत. यंत्र साधे होते, सुटे भाग तालुक्याच्या गावीही मिळत, आणि हमीचा कागद कपाटात कोठे पडला आहे याची कोणी चौकशी करीत नसे. आज स्थिती पालटली आहे. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा ही प्रदूषणाची मानके लागू झाल्यावर नव्या स्कूटरमधून कार्ब्युरेटर हद्दपार झाला आणि त्याच्या जागी इंधन मोजून फवारणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आली. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकीचा पुढचा दिवा इंजिन चालू असेतो पेटलेलाच राहतो. २०१९ पासून लहान स्कूटरलाही दोन्ही चाकांचे ब्रेक एकत्र लागण्याची सोय अथवा चाके न अडखळू देणारी यंत्रणा सक्तीची झाली. यंत्र अधिक सुरक्षित आणि स्वच्छ झाले यात शंका नाही. परंतु त्याचे अवयव एकमेकांशी अधिक गुंतले, आणि एका ठिकाणी केलेल्या खटपटीची कळ दुसऱ्या ठिकाणी उमटू लागली.

आता ‘बाहेरचा माल’ म्हणजे नेमके काय? हा शब्दच मोठा फसवा आहे, कारण त्याच्या पोटात तीन निरनिराळ्या जाती दडलेल्या आहेत. स्कूटर बनवणारी कंपनी आपले सगळे भाग स्वतः घडवीत नाही. बेअरिंग, प्लग, बॅटरी, टायर, ब्रेकचे भाग, दिवे ही सामग्री निरनिराळे कारखाने तिला पुरवतात. तोच कारखाना तोच प्लग एकदा स्कूटर कंपनीच्या डब्यात घालतो आणि एकदा स्वतःच्या नावाच्या डब्यात. डबा बदलला, किंमत बदलली. वस्तू बदलली असे म्हणता येत नाही. ही पहिली जात. दुसरी जात म्हणजे ज्यांचा स्कूटर कंपनीशी काहीच संबंध नाही, पण जे आपल्या नावाने, आपल्या जबाबदारीवर त्याच मापाचा भाग बनवतात असे कारखाने. यांत उत्तम माल आहे, मध्यमही आहे. तिसरी जात मात्र निव्वळ लबाडीची : दुसऱ्याचे नाव, दुसऱ्याचे चिन्ह आणि दुसऱ्याच्या डब्याची नक्कल करून विकलेला बनावट माल. बाजारात तिन्ही जाती एकाच दुकानात, एकाच फळीवर नांदतात, आणि काउंटरवरचा पोरगा तिन्हींना ‘ओरिजिनलसारखाच’ म्हणतो. सेवा केंद्रातील मनुष्यही तिन्हींना एकाच तुच्छतेने ‘लोकल’ म्हणतो. दोघेही ग्राहकाची दिशाभूल करतात; एक विकण्यासाठी, दुसरा नाकारण्यासाठी.

तंटा झाला असता विचारण्याचा खरा प्रश्न असा की, बसवलेल्या भागाचा आणि बिघडलेल्या भागाचा कार्यकारणसंबंध आहे काय? हा प्रश्न कायद्याचा दिसतो, पण त्याचे उत्तर यंत्रशास्त्र देते. म्हणून काही नमुने पाहू.

इंजिनात जाणारी हवा गाळणारा एअर फिल्टर घ्या. तो कागदाचा असतो आणि त्याच्या कडा डब्यात घट्ट बसाव्या लागतात. स्वस्त नकलेत कागद सैल विणीचा असतो किंवा कडेला फट राहते. उन्हाळ्यात इंदूर वा हैदराबादच्या रस्त्यावरची बारीक धूळ त्या फटीतून सरळ सिलिंडरमध्ये जाते आणि पिस्टनच्या कड्या घासू लागते. काही हजार किलोमीटरनंतर स्कूटर तेल जाळते, निळसर धूर सोडते. अशा वेळी कंपनीने इंजिनाची हमी नाकारली तर तिच्याकडे सबळ कारण आहे. परंतु त्याच स्कूटरच्या काट्यात बिघाड झाला, तर एअर फिल्टरकडे बोट दाखवणे हास्यास्पद होय.

मागच्या चाकाला शक्ती पोहोचवणाऱ्या पट्ट्याच्या यंत्रणेची गोष्टही अशीच. स्कूटरला हाताने बदलायचे गिअर नसतात. लहान वजनाचे रोलर वेगाबरोबर बाहेर सरकतात, कप्पीच्या दोन बाजू जवळ येतात आणि पट्टा वर चढतो. अधिक उसळी मिळावी म्हणून काही हौशी तरुण हलके रोलर बसवतात. मग इंजिन त्याच वेगाला अधिक फेरे घेते, आणि पट्टा ज्या बेताने चालावा म्हणून आखला होता तो बेत राहत नाही. पट्टा अकाली तुटला तर दोष कोणाचा, हे सांगायला नको. पण पुढच्या ब्रेकची केबल तुटली तर? तिला रोलरचा वाराही लागत नाही.

इंजिन ऑइलच्या बाबतीत मात्र ग्राहक विनाकारण भितो. स्कूटरचा क्लच कोरडा असतो, तेलात बुडालेला नसतो. म्हणून स्कूटरसाठी ‘जासो एमबी’ या प्रतीचे तेल असते आणि मोटारसायकलसाठी ‘एमए’. पुस्तिकेत लिहिलेली प्रत आणि दाटपणा जुळत असेल, तर तेलाच्या डब्यावर कोणाचे नाव छापले आहे त्यावरून इंजिनाच्या आरोग्यात काही फरक पडू नये. अर्थात तेल बदलल्याची पावती नसेल तर हा सारा युक्तिवाद वाया जातो, कारण तेल बदललेच नाही असे समोरचा म्हणू शकतो.

आणि आता विजेचा संसार. निम्म्याहून अधिक भांडणे येथेच जन्मतात असे म्हणावेसे वाटते. हॅलोजन दिव्याच्या अनेक स्कूटरवर पुढचा बल्ब ३५ वॅटचा असतो. बॅटरी १२ व्होल्टची. म्हणजे तारेतून जाणारा प्रवाह सुमारे २·९ अँपिअर. तेथे ६० वॅटचा बल्ब बसवला की प्रवाह ५ अँपिअर होतो. वाढ पावणेदोन पटींहून कमी दिसते, म्हणून मेस्त्री म्हणतो, काही होत नाही. परंतु तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, आणि ती जवळजवळ तिप्पट होते. त्यात हा दिवा आता दिवसाही पेटलेला असतो. तारेची जाडी, स्विचचे टोक, प्लास्टिकचा जोड हे सगळे ३५ वॅटच्या हिशेबाने केलेले. फ्यूज एकदा उडतो, दोनदा उडतो. मग मेस्त्री वैतागून जाड फ्यूज घालतो, आणि तेथेच खरा घात होतो. फ्यूज हा यंत्रणेतील दुबळा दुवा मुद्दाम ठेवलेला असतो. त्याला बळकट केले की त्याच्याऐवजी तार जळते.

चोरी होऊ नये म्हणून बसवलेल्या अलार्मची चूक याहून मुकाट असते. तो स्कूटर बंद असतानाही थोडी वीज खातो. समजा अवघे २० मिलिअँपिअर. दहा दिवसांत २४० तास होतात. म्हणजे ४·८ अँपिअर-तास वीज गेली. लहान स्कूटरची बॅटरी तीन-चार अँपिअर-तासांची असते. मे महिन्याच्या सुटीत दहा दिवस गावी जाऊन परत आलेला गृहस्थ बॅटरीची हमी मागायला जातो, तेव्हा बॅटरी निर्दोष असण्याचा संभव बराच असतो.

येथवर वाचून कोणास वाटेल की कंपनीच बरोबर आहे. तसे नाही. ज्या भागाने बिघाड केला त्या बिघाडापुरती हमी नाकारणे एक, आणि एका बल्बाचे निमित्त करून सगळ्या स्कूटरची हमी रद्द करणे दुसरे. या दुसऱ्या प्रथेविषयी आपल्या देशात एक महत्त्वाचा आदेश झालेला आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कारण असे की, या कंपन्या आपले अस्सल सुटे भाग आणि दुरुस्तीची उपकरणे खुल्या बाजारात व स्वतंत्र गॅरेजांना सहजी मिळू देत नव्हत्या. त्याच आदेशात आयोगाने बजावले की, ग्राहकाने स्वतंत्र मेस्त्रीकडून काम करून घेतले एवढ्याच कारणास्तव हमी रद्द होईल, अशी सरसकट अट घालू नये. बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढे नुकसान झाले असेल तेवढ्यापुरतीच, आणि परिस्थितीने ते स्पष्टपणे समर्थनीय ठरत असेल तेव्हाच, हमी नाकारावी. पुढे अपिले झाली, २०१६ साली अपील न्यायाधिकरणाने काही कंपन्यांच्या दंडाची रक्कम घटवली, आणि वाद त्याच्याही पुढे गेला. शिवाय आदेश मोटारींच्या कंपन्यांना होता, स्कूटरच्या नव्हे. तेव्हा तो दाखवला की स्कूटर कंपनी मान तुकवील असे कोणी समजू नये. पण ‘जेवढे नुकसान तेवढ्यापुरतीच नकारघंटा’ हे तत्त्व त्यात स्वच्छ शब्दांत मांडले गेले, हे ग्राहकाच्या बाजूने बोलणाऱ्यास फार उपयोगी पडते.

अमेरिकेत हे तत्त्व कायद्यातच आहे. तेथे १९७५ साली झालेल्या मॅग्नुसन-मॉस कायद्याप्रमाणे, अमुकच कंपनीचा भाग वापरला तरच हमी टिकेल अशी अट सर्वसाधारणपणे घालता येत नाही; तो भाग कंपनी फुकट देत असेल तर गोष्ट वेगळी. २०२२ साली तेथील संघीय व्यापार आयोगाने हार्ले-डेव्हिडसन या मोटारसायकल कंपनीविरुद्ध कारवाई केली. बाहेरचे भाग वापरल्यास अथवा बाहेर दुरुस्ती केल्यास हमी जाईल, असा ग्राहकांचा समज होईल अशी भाषा तिच्या हमीत होती. बाहेरचा भाग लावल्याने अथवा बाहेर काम केल्याने ही हमी रद्द होत नाही, हे स्पष्ट शब्दांत लिहिण्यास कंपनीला भाग पाडण्यात आले. आपल्याकडे इतका थेट कायदा नाही. केंद्र सरकारच्या ग्राहक विभागाने २०२२ साली ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस एक सरकारी संकेतस्थळ उघडले. त्यात वाहनांचाही समावेश आहे. ही दिशा चांगली, पण तिला कायद्याचे बळ नाही.

आणखी एक प्रकार आहे, आणि तो चीड आणणारा आहे. नवी स्कूटर घेताना विक्रेताच हजार-दोन हजारांची जादा सामग्री गळ्यात मारतो : क्रॅश गार्ड, सीट कव्हर, रबरी चटई, कधी अलार्म, कधी चमकते दिवे. साडी गार्ड आणि मागच्या स्वाराला धरण्याचा दांडा या वस्तू नियमानेच लागतात, त्यांची गोष्ट निराळी. पण अलार्म विक्रेत्याने बसवायचा, त्याची तार विक्रेत्याच्या मेस्त्रीने कापायची, आणि वर्षभराने बिघाड झाला की त्याच विक्रेत्याच्या सेवा केंद्राने म्हणायचे, ‘कंपनीचा नाही.’ अशा ठिकाणी ग्राहकाने विक्रीच्या दिवशीचे बिल पुढे ठेवावे. त्यावर वस्तूचे नाव असेल तर विक्रेत्याला तोंड फिरवता येत नाही. अशा फेरफारामुळे कोणाला इजा झाली, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे वस्तूत बदल करणारा विक्रेता स्वतः जबाबदार धरला जाऊ शकतो, मात्र तो बदल इजेचे ठळक कारण असला पाहिजे. आणि बिलच दिले नाही तर? बिल अथवा पावती न देणे हीच त्या कायद्याप्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा होय. म्हणून ‘बिल नको, शंभर रुपये कमी लावतो’ या बाजारातल्या आमिषाला जो भुलतो, तो शंभर रुपये वाचवून आपला साक्षीदार विकून टाकतो.

साक्षीदारांचा विषय निघाला म्हणून सांगावयाचे ते असे. नकार मिळाला की पहिली गोष्ट भांडण नव्हे. नकार लेखी मागावा : कोणता भाग बिघडला, कोणत्या कारणाने बिघडला, आणि बाहेरच्या कोणत्या भागाचा त्याच्याशी संबंध आहे, हे जॉब कार्डावर लिहून द्या. पुष्कळ वेळा एवढ्या मागणीनेच खिडकीवरचा सूर बदलतो. कारण ‘वॉरंटी गेली’ असे तोंडाने म्हणणे सोपे, पण अलार्ममुळे स्पीडोमीटरचा काटा कसा मोडला हे सही करून लिहिणे अवघड. काढलेला जुना भाग तेथेच टाकून येऊ नये. तो पिशवीत घालून घरी आणावा, आणि काढण्यापूर्वी त्याचे छायाचित्र घ्यावे. तक्रार तोंडी सांगण्याची सवय आपल्या लोकांना फार. सर्व्हिसिंगला स्कूटर देताना जॉब कार्डावर जे लिहिले गेले नाही ते, पुढे वाद झाला असता, सांगितलेच नाही असे धरले जाते.

यावरही दाद लागली नाही, तर कंपनीच्या मुख्य कार्यालयास पत्र लिहावे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते आणि कित्येक लहान तंटे तेथेच मिटतात. त्यापुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोगाची. येथे महाराष्ट्राबाहेरच्या, विशेषतः सीमेलगतच्या वाचकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १९८६ च्या जुन्या कायद्यात तक्रार विक्रेत्याच्या अथवा कंपनीच्या ठिकाणी किंवा जेथे तंट्याचे कारण घडले तेथे करावी लागे. कोल्हापुरात घेतलेल्या स्कूटरसाठी बेळगावकराने कोल्हापूरच्या फेऱ्या माराव्यात अशी पाळी येई, आणि पाचसहा हजारांच्या कामासाठी कोण जातो? २०१९ चा नवा कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आला, आणि त्याप्रमाणे तक्रारदार जेथे राहतो अथवा नोकरी करतो तेथील आयोगाकडेही त्याला जाता येते. पन्नास लाखांपर्यंत किंमत दिलेल्या वस्तूंच्या तक्रारी जिल्हा आयोग ऐकतो. वस्तूची किंमत पाच लाखांच्या आत असेल तर तक्रारीस फी नाही. स्कूटर यात सहज बसते. वकील देणे सक्तीचे नाही.

दोष नुसत्या डोळ्यांना दिसण्यासारखा नसेल, तर आयोग तो भाग योग्य प्रयोगशाळेकडे तपासणीसाठी पाठवू शकतो. त्याची फी मात्र तक्रारदाराला आधी भरावी लागू शकते. कायद्याने निकालाला तीन महिने, आणि तपासणी लागल्यास पाच महिने, अशी मुदत सांगितली आहे. प्रत्यक्षात ती किती पाळली जाते हे कोर्टकचेरीचा अनुभव असलेल्यांना सांगावयास नको. शाबितीच्या बाबतीत साधारण न्याय असा : वस्तूत दोष आहे हे तक्रारदाराने दाखवावे, पण हमीतील अपवादाचा आधार कंपनी घेत असेल, तर तो अपवाद लागू पडतो हे कंपनीने दाखवावे.

कायद्याचा दुसरा हात मालकाच्याही खांद्यावर असतो, हे विसरून चालणार नाही. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे नोंदणीपत्रात लिहिलेल्या मूळ रचनेशी विसंगत असा फेरफार वाहनात करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा फेरफारास सहा महिन्यांपर्यंत कैद अथवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. निरनिराळ्या सुरांचे हॉर्न नियमांनी निषिद्ध आहेत. कर्कश सायलेन्सर बसवून पहाटेच्या मिस्सेला अथवा काकड आरतीला निघालेल्या म्हाताऱ्यांच्या अंगावरून जाणाऱ्या पोरांना हमीची चिंता असते की नाही कोण जाणे. पण त्यांची बाजू कोणताही आयोग घेणार नाही.

विजेवर चालणाऱ्या स्कूटरमुळे या वादाला नवे वळण लागले आहे. तिच्यात सर्वांत महाग वस्तू म्हणजे बॅटरी, आणि तिची हमी इतर भागांहून वेगळी व बहुधा अधिक काळाची असते. २०२२ साली देशात काही विद्युत स्कूटरना आगी लागल्या, आणि त्यानंतर बॅटरीच्या सुरक्षिततेची मानके कडक करण्यात आली. येथे बाहेरचा चार्जर वापरणे म्हणजे निव्वळ हमीचा प्रश्न राहत नाही. लिथियमच्या बॅटरीला किती व्होल्टपर्यंत भरावयाचे याची मर्यादा फार काटेकोर असते. ती ओलांडली तर बॅटरी तापते, आणि ती घरात जिन्याखाली लावलेली असते. पेट्रोलच्या स्कूटरवर स्वस्त फिल्टर बसवणाऱ्याला समजावता येते. चार्जरच्या बाबतीत मात्र कंपनीच्या पुस्तिकेपुढे युक्तिवाद करू नये.

आता घाटात अडकलेल्या त्या कारकुनाकडे वळू. वायरिंगचा जुडगा जळाला त्याचे मूळ अधिक वॅटच्या बल्बात आणि मेस्त्रीने घातलेल्या जाड फ्यूजमध्ये दिसते. त्या कामाचे पैसे त्याने द्यावेत हे रास्त. फार तर तो मेस्त्रीकडे भरपाई मागू शकेल, आणि बल्बाची पावती असेल तर मागावीही. शॉक ॲब्सॉर्बरच्या तेलाच्या सीलचा दिव्याशी कोणताही संबंध नाही. ते काम कंपनीने फुकटच करून द्यावयास हवे, आणि येथे तिचा नकार टिकणारा नाही. पण ती तक्रार त्याने आधी केवळ तोंडी सांगितली होती, जॉब कार्डावर नोंद नाही. तेव्हा गळती घाटात स्कूटर आपटल्यामुळे झाली असे केंद्र म्हणणार, आणि येथे त्याला थोडा झगडा करावा लागणार. राहिला इंजिनाच्या नियंत्रणाचा संच. तिन्हींत तोच महाग. तो जळत्या तारांतून आलेल्या चुकीच्या दाबाने गेला, की त्याच्या आत पाणी शिरले, की तो मुळातच सदोष होता, हे तो उघडून आणि त्याची टोके तपासून पाहिल्यावाचून कोणीही सांगू शकत नाही. ना मेस्त्री, ना खिडकीवरचा मनुष्य. त्या संचासाठी तपासणीचा लेखी अहवाल मागण्याचा त्याला अधिकार आहे. नकाराच्या कागदावर पडलेली तारीख त्याने जपून ठेवावी. त्या तारखेपासून दोन वर्षांच्या आत बेळगावच्या आयोगाकडे त्याला अर्ज देता येईल.